भुशाला वाट काढून देताना



तुमच्यापैकी पुष्कळांनी नदीवरून नाहीतर विहिरीवरून पाण्याची पाईपलाईन केली असेल. मोटर किती अश्वशक्तीची, पाईप किती इंची, चढ किती, वळणं किती, हे सगळं चार जाणत्या माणसांना विचारूनच केलं असेल. मी आज तुम्हाला तशाच एका पाईपलाईनची हकिगत सांगणार आहे. फरक एवढाच, की तिच्यातून पाणी जात नाही, लाकडाचा भुसा जातो. आणि ती मी पहिल्यांदा कुणालाही न विचारता टाकली.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, भोगावतीच्या काठावर. घराणं सुताराचं, जोडीला दीड एकर ऊस. माझ्या आज्जाच्या वेळी बलुत्याचं काम असायचं. नांगर, कुळव, कुरी, बैलगाडीची चाकं. सुतारमेट नदीच्या अंगाला होतं. चार मेढी, वर छप्पर, भिंत म्हणून नाहीच. वाकसानं तासायचं, दोघांनी मिळून करवत ओढायची, रंध्यानं साफ करायचं. हाताच्या रंध्याखालून कुरळी ढलपी निघते, ती काही उडत नाही. करवतीचा भुसा जाडा, तो पायापाशीच पडायचा. जो बारीक असेल तो नदीचा वारा घेऊन जायचा. सांजच्याला आई पाटी भरून ढलप्या चुलीला न्यायची. धुळीचा कुणी कधी विचारच केला नाही, कारण करायचं कारण पडलं नाही.

पुढं ट्रॅक्टर आले, बैलगाड्या कमी झाल्या आणि आम्ही दारं, खिडक्या, देव्हारे, पलंग करायला लागलो. त्याबरोबर यंत्रंही आली. आधी चकती करवत, मग थिकनेसर रंधा, मग लेथ आणि सँडर. काम चौपट झालं. मेट तेच, उघडं, त्यामुळं तेव्हाही काही जाणवलं नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या पुराबद्दल कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मी काय सांगणार! मेटात पुरुषभर पाणी होतं. मोटारी गेल्या, साठवलेलं सागवान वाहून गेलं. दुरुस्त करून पुन्हा तिथंच बस्तान मांडलं, तर २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. तेव्हा मात्र मी हात टेकले आणि सगळी यंत्रं वरच्या गल्लीत, घराच्या मागच्या पडवीत आणून बसवली. वीस फूट बाय बारा फुटांची पडवी. पाऊस आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजू बंद केल्या. चौथ्या बाजूला स्वयंपाकघराची भिंत, आणि भिंतीत दार.

आता तुम्ही म्हणाल, सुताराला एवढं कळू नये? नाही कळलं. पूर डोक्यात बसला होता. पाण्यापासून लांब गेलो म्हणजे सगळ्यातनं सुटलो असं वाटलं होतं.

महिन्याभरात घरभर भुसा झाला. देवाच्या तसबिरीवर, वाळत घातलेल्या कापडांवर, भांड्यांच्या मांडणीवर. सून एक दिवस म्हणाली, “मामा, पिठाच्या डब्याला झाकण असून बी वर पिवळी साय धरत्या.” मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या थंडीत तिचं पोर, माझा नातू, रात्रीचं खोकायला लागलं. दीड वर्षाचं पोर, छातीत शिट्टी वाजायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, घरात काय काम चालतं, पोर झोपतं कुठं. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, भुशामुळंच झालंय असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ज्या घरात अशी धूळ आहे तिथं माझं औषध किती पुरं पडणार?

माझं स्वतःचं एक होतं, ते मी कुणाला बोललो नव्हतो. आमच्या शिवाराला लागून गुऱ्हाळ आहे. काहिलीत रस उकळायला लागला की गुळव्यानं हाक मारायची गरज नसते, वासच गावभर सांगतो. त्या वर्षी नातवाला घेऊन मी चुलवाणापाशी उभा होतो आणि मला वासच आला नाही. नाक चोंदलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या खेपेलाही नाही.

पोराच्या निमित्तानं मी माझंही डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथं पहिल्यांदा कळलं, की जगाच्या आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी जी संस्था आहे, तिनं १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली आहे. नाकाचा आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांचा. घाबरू नका, प्रत्येक सुताराला तो होतो असं नाही. तो विरळाच. माझ्या नाकात तसलं काही निघालं नाही, आतलं अस्तर सुजलं आहे एवढंच. पण तीन पिढ्या ज्याच्यावर जेवलो ते असं यादीत बसलेलं ऐकून दोन दिवस मला करवतीला हात लावू वाटला नाही.

मग मी कोल्हापूरला जाऊन दोन अश्वशक्तीचा ब्लोअर आणला. वर कापडी पिशवी, खाली प्लास्टिकची पिशवी, पुढं चार इंची नळी. नळी करवतीला लावायची, भुसा ओढून पिशवीत जातो. पहिल्याच दिवशी पिशवी अर्धी भरली. जमीन स्वच्छ. झाडू मारायला नको म्हणून मी खूष.

आमच्या मंडळींना काही ते पटलं नाही. पडवीच्या कौलात एक काच आहे, तिच्यातून दुपारचा कवडसा पडतो. ब्लोअर चालू असताना ती त्या कवडशात टक लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, “या की हिकडं. बघा.” कवडसा धुरासारखा पांढरा दिसत होता. “तुमच्या पिशवीनं दाणं ठेवल्यात, आन् फोल घरात सोडलंय.”

जन्मभर सूप धरून उफणणारी बाई, तिला ते दिसलं. मला दिसलं नव्हतं. तुम्हीही खळ्यावर उफणलं आहे. वाऱ्यावर धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो, भुसकट चार हातांवर, आणि जी बारीक धूळ असते ती कुठं जाते ते दिसतही नाही. लाकडाचं तसंच. जो भुसा आपण झाडतो, पायाखाली ज्याचा ढीग होतो, त्याचा छातीला त्रास कमी. तो नाकातच अडकतो, शिंकेबरोबर बाहेर येतो. माणसाचा केस अंदाजे सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुळीचा जो कण दहा मायक्रॉनच्या आत असतो तो छातीत उतरतो, आणि एखाद्या मायक्रॉनचा कण तर हवेत तासन् तास तरंगत राहतो. माझी कापडी पिशवी जाडा भुसा धरत होती, आणि ही बारीक धूळ कापडातून गाळून, पंख्याच्या जोरानं, पुन्हा खोलीत उधळत होती. सँडर आणि एमडीएफच्या पाट्या यांची धूळ सगळ्यात बारीक. तोंडाला पंचा बांधून ती अडत नाही. करोनाच्या साथीत जे एन-९५ म्हणून मास्क मिळायला लागले, ते अडवतात.

यावर मी दुसरा शहाणपणा केला. म्हटलं, पिशवीच नको, ब्लोअरचं तोंडच बाहेर काढू. नळाच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाईप आणला, पाच एल्बो आणि दोन टी आणल्या, आणि भिंतीच्या कडेकडेनं लाईन फिरवली. दिसायला अगदी सुबक, काटकोनात. तोंड परड्यात.

चालू करून दहा मिनिटं झाली असतील, तर स्वयंपाकघरातून आरडाओरडा. “अवो, बंद करा ते! चुलीचा धूर खाली यायलाय!”

खरोखर, धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खाली उतरून घरात भरत होता. सून पोराला घेऊन सोप्यात पळाली. मला काही समजेना. ब्लोअर परड्यात वारा सोडतोय, चूल पलीकडं, संबंध काय?

संबंध धाकट्या मुलानं सांगितला. तो कोल्हापुरात आयटीआय करून एका वर्कशॉपात आहे. म्हणाला, “आप्पा, जेवढी हवा तुम्ही बाहेर टाकालाय, तेवढी कुठनं तरी आत यायलाच पायजे.” हिशेब सोपा आहे. वीस बाय बारा, उंची दहा, म्हणजे पडवीत २४०० घनफूट हवा. माझा ब्लोअर त्या वाकड्यातिकड्या पाईपातूनही मिनिटाला तीनएकशे घनफूट बाहेर टाकत होता. म्हणजे आठेक मिनिटांत सगळी पडवी रिकामी. पडवी बंद केलेली. हवा आली ती दाराच्या फटीतून, स्वयंपाकघरातून, आणि स्वयंपाकघरात आली ती धुराड्यातून. पोराला धुळीतनं काढायला निघालो आणि धुरात घातलं. ज्यांच्या घरात चूल, बंब किंवा कोळशाची शेगडी आहे, त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा. बाहेर ओढणारा कुठलाही मोठा पंखा लावण्याआधी हवा आत कुठून येणार ते ठरवा.

त्या रविवारी आम्ही बापलेकांनी सगळी लाईन उतरवली आणि खडू घेऊन जमिनीवर नकाशा काढला. जे आधी करायला पाहिजे होतं ते.

पहिली गोष्ट मोटरची. ब्लोअरच्या पाटीवर मिनिटाला बाराशे घनफूट असं लिहिलं होतं. तो आकडा पंखा मोकळा फिरत असतानाचा. पाण्याची मोटर नदीकाठी मोकळी सोडली तर केवढी धार पडते, आणि तीच दोनशे फूट चढवून आणली की केवढी, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला आपण हेड म्हणतो. हवेलाही हेड असतं. पाईपाची लांबी, प्रत्येक वळण, प्रत्येक पिशवी, सगळं त्यात धरायचं.

दुसरी गोष्ट पाईपाची. लाकडाचा भुसा पाईपात न बसता वाहत राहायला हवेचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास लागतो. चार इंची पाईपातून त्या वेगानं मिनिटाला साडेतीनशे घनफूट हवा जाते. सहा इंचीतून जाते पावणेआठशेच्या आसपास. दोनच इंच वाढले आणि हवा सव्वादोन पट, कारण चार चोक सोळा आणि सहा सक छत्तीस. बारीक धूळ धरायला अशी भरपूर हवाच लागते. म्हणून मग दहा इंची घालावा का? नाही. ब्लोअर लहान आणि पाईप मोठा झाला की वेग मरतो. मोठ्या पाटात थोडं पाणी सोडलं तर गाळ बसतो ना, तसा भुसा पाईपाच्या तळाला बसत जातो. आम्ही मुख्य पाईप सहा इंची धरला.

तिसरी गोष्ट वळणाची, आणि माझी सगळ्यात मोठी चूक हीच. नळाचा काटकोनी एल्बो हवेला पाच-सहा फूट सरळ पाईपाएवढा जड जातो. माझ्या लाईनीत पाच होते. आता जिथं वळण टाळता येईना तिथं पंचेचाळीस अंशांचे दोन तुकडे, मधे थोडा सरळ पाईप. आणि टी तर नकोच. सरीला पाणी फोडताना तुम्ही पाटाला काटकोनात दार पाडता का? पाण्याच्या अंगानं तिरकं पाडता. तसा वाय घालायचा, वाहत्या हवेच्या दिशेनं तिरका. यंत्रांची जागाही पाईपासाठी बदलली. थिकनेसर रंधा आणि करवत जास्त भुसा करतात, त्यांना ब्लोअरच्या जवळ घेतलं. लेथ टोकाला. आधी मी यंत्रं उजेडाप्रमाणं मांडली होती आणि पाईप त्यांच्यामागून फिरवत बसलो होतो. लवचिक नळी दिसायला सोयीची, पण तिच्या आत वळ्या असतात, सरळ पाईपाच्या दुप्पट-तिप्पट ओढ ती खाते. ती फक्त यंत्राजवळ हात-दीड हात ठेवली.

पाईप आम्ही पीव्हीसीचा न घेता पत्र्याचा केला, उद्यमनगरात गोल करून घेतला. कोरडा भुसा पीव्हीसीतून वेगानं गेला की त्यावर वीज साठते, हात लावला तर झटका बसतो. पत्र्याच्या पाईपाला अर्थिंगची तार जोडली की काम झालं. सांधे जोडताना मात्र कौलं आठवा. हवा जिकडून येते तिकडचा तुकडा पुढच्याच्या आत घालायचा. उलटं केलं तर प्रत्येक कडेला भुसा अडतो.

मग दारं. चार यंत्रं आणि चारही तोंडं उघडी, तर कुणालाच पुरेशी ओढ नाही. ऊस पाजताना आपण एक सरी उघडतो, बाकीची दारं मोडतो, तोच न्याय. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खाचेतून बरगे सोडतात, पावसाळ्याआधी काढतात. राजाराम बंधाऱ्यावर तुम्ही पाहिलं असेल. मी तसाच प्रत्येक फाट्याला लाकडी चौकटीत पत्र्याचा बरगा केला. ज्या यंत्रावर काम, त्याचा बरगा वर, बाकी खाली. मुलानं शहरातून तयार झडपा आणू म्हटलं, मी म्हटलं सुताराच्या घरी खाच करायला येत नाही होय?

इथवर सगळं पाण्यासारखं चाललं होतं. एका गोष्टीत मात्र पाण्याची उपमा चालेना. मला वाटायचं, पाईपाचं तोंड करवतीपासून हातभर लांब असलं तरी ओढेल. मुलानं देवघरातली समई दाखवली. म्हणाला, “आप्पा, ही हातभरावरनं फुंकून इझंल. आता श्वास आत ओढून इझवा बघू.” ओठ जवळजवळ ज्योतीला लागेपर्यंत ती विझेना, उलट मिशी करपली. फुंकलेला वारा लांब जातो, ओढलेला चहूकडून येतो. पाईपाच्या तोंडापासून पाईपाच्या रुंदीएवढं लांब गेलं, की ओढ दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून धूळ जिथं जन्मते तिथंच तोंड पाहिजे. करवतीच्या टेबलाखाली मी पेटी केली, तिच्यातून एक तोंड आणि पात्याच्या वरच्या झाकणातून दुसरं. या एका पेटीनं जेवढं काम झालं तेवढं मोटर दुप्पट करून झालं नसतं.

ब्लोअरच्या आधी पत्र्याचं नरसाळं बसवलं. तुम्ही भात गिरणीवर पाहिलं असेल, हवा बाजूनं आत शिरते, गरगर फिरते, जड माल कडेला लागून खाली पिंपात पडतो, हवा मधून वर निघून जाते. ही युक्ती १८८० च्या दशकापासून गिरण्यांत चालत आली आहे. आमच्या नरसाळ्यानं आधी काही धरलंच नाही. दोन दिवस डोकं खाजवलं, मग कळलं की पिंपाच्या झाकणाला बारीक फट होती. तेवढ्या फटीतून हवा आत शिरून पडलेला भुसा परत वर उचलत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली आणि पिंप भरायला लागलं.

उरलेली हवा उंच पाईपानं बाहेर, आमच्याच उसाच्या दिशेला, शेजाऱ्यांच्या वाळवणापासून आणि गोठ्यापासून लांब. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, म्हणून तोंड पूर्वेला. बाहेर गेली म्हणजे ती धूळ नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही, थोडी उसाच्या पाल्यावर बसतेच. समोरच्या भिंतीला दोन बाय दोन फुटांची जाळीची खिडकी पाडली, ती हवा आत यायला. आणि स्वयंपाकघराचं दार विटांनी बुजवून टाकलं. आता पडवीत जायला परड्यातून वळसा पडतो. मंडळी कुरकुरत होती, मला चहा आणून द्यायला लांब पडतं म्हणून. आता मीच जातो चहाला, कापडं झटकून, हातपाय धुऊन.

पिंप रोज सांजच्याला रिकामं करायचं, हे मात्र चुकवू नका. जुन्या लाकडात खिळा असतो, पातं त्याला लागून ठिणगी उडते, ओढीबरोबर पिंपात जाते, आणि आत रात्रभर धुमसत राहते. भुशाचं काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको. गोठ्यात अंथरायला चांगला. शेणखतात घालायचा तर शेण-मूत्र भरपूर पाहिजे, नाहीतर भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा वेगळा ठेवा. त्यात डिंक असतो रसायनाचा, तो ना गोठ्यात, ना खतात, ना शेगडीत.

हे सगळं करून आता वर्ष होऊन गेलं. कवडशात अजून थोडं दिसतं, विशेषतः सँडर चालू असला की. सँडरला नीट तोंड मला अजून करता आलेलं नाही. ते काम मी मास्क लावून परड्यात करतो. पोर मोठं झालंय, गेल्या थंडीत एकदाच डॉक्टरांकडं न्यावं लागलं. ते धुळीनं की वयानं, मला सांगता यायचं नाही. त्याला पडवीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. तो बाहेर उभा राहून बरगे वर-खाली करायला मागतो.

यंदा गुऱ्हाळ पेटलं तेव्हा त्याला घेऊन गेलो. गुळव्यानं पानावर गरम गूळ दिला. पोरानं आधी हुंगला, मग खाल्ला. मीही हुंगला. एकदा क्षणभर आल्यासारखा वाटला, मग पुन्हा नाही. नाकाच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय.